गेडचा चेहरा कोणाचा?

एखादी आवडती कादंबरी पडद्यावर येणार अशी बातमी आली की वाचकांमधला पहिला वाद कथेवरून होत नाही, चेहऱ्यावरून होतो. नायकाचे काम कोण करणार, नायिका कोण, गुरू कोण? वाचताना प्रत्येकाने मनाशी एक तसव्वुर केलेला असतो. पडद्यावरचा माणूस त्याच्याशी जुळला नाही की आपल्या मालकीची वस्तू कुणी उचलून नेल्यासारखे वाटते. सामाजिक कादंबरीच्या बाबतीत हा वाद लवकर मिटतो. कोकणातला खलाशी किंवा मराठवाड्यातला शेतमजूर कसा दिसतो हे सर्वांनी पाहिलेले असते. अद्भुतरम्य कादंबरीचे तसे नाही. तिथला देश नकाशावर नसतो आणि तिथला माणूस कुणी पाहिलेला नसतो. मग जो देशच नाही, त्या देशातल्या माणसाचा रंग कोणी ठरवायचा?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे दिली जातात. पहिले असे की पुस्तकात जसे लिहिले आहे तसेच पडद्यावर दिसले पाहिजे, केसांचा रंगसुद्धा बदलता कामा नये. दुसरे असे की सगळेच काल्पनिक आहे, तेव्हा चांगला अभिनय करणारा कोणीही चालेल. ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. पहिल्या उत्तरात शब्दाचा मान राखला जातो, पण त्या शब्दाचा अर्थ पाहिला जात नाही. दुसऱ्या उत्तरात उदारपणा आहे, पण त्या उदारपणाचा लाभ बहुतेक वेळा कोणाला मिळतो, हे तपासण्याची तयारी नाही. पात्राच्या रूपाचे वर्णन त्या कादंबरीत कोणते काम करते हे आधी पाहावे आणि मग पात्रनिवडीचा निवाडा करावा, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी मुख्यतः एकच उदाहरण घेते. ते म्हणजे अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांची 'अर्थसी' ही कादंबरीमाला.

या मालेतली पहिली कादंबरी 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९७१ मध्ये 'द टूम्ब्ज ऑफ अतुआन' आणि १९७२ मध्ये 'द फार्देस्ट शोअर' आली. अर्थसी हा शेकडो बेटांचा समुद्री प्रदेश आहे. गोंट नावाच्या डोंगराळ बेटावर, शेळ्या राखणाऱ्या लोकांच्या गावात, एक आईवेगळा मुलगा वाढतो. लोक त्याला ससाणा या अर्थाच्या नावाने ओळखतात. त्याचे खरे नाव गेड आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. या जगात ज्याला वस्तूचे खरे नाव कळले त्याला त्या वस्तूवर सत्ता मिळते, म्हणून माणसे आपले खरे नाव जिवापाड जपतात. गेड रोक बेटावरच्या जादूच्या विद्यालयात शिकायला जातो. तिथे एका सहाध्यायाशी चढाओढ करताना, गर्वाच्या भरात, तो मृतांच्या जगातून एक सावली बाहेर काढतो. ती त्याच्या जिवावर उठते. आधी तो तिच्यापासून पळतो, मग तिचा पाठलाग करतो आणि शेवटी तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. शत्रू बाहेर नव्हताच. ज्याला आपल्याकडे नफ्स म्हणतात त्याच्याशी चाललेली ही लढाई आहे, असे मी उर्दू वाचणाऱ्या मैत्रिणींना सांगते आणि त्यांना ती लगेच कळते.

आता रंगाकडे येऊ. गेडचा रंग तांबूस तपकिरी आहे. त्याचा जिवलग मित्र व्हेच काळा आहे. अर्थसीच्या बहुतेक बेटांवरची माणसे तपकिरी, तांबूस किंवा काळी आहेत. गोऱ्या कातडीची आणि पिवळ्या केसांची माणसे आहेत ती कार्गाद बेटांवरची, आणि पहिल्याच प्रकरणात ती जहाजांतून येऊन गेडच्या गावावर हल्ला करतात. समुद्रावरून आलेले गोरे लुटारू आणि डोंगरातले सावळे गावकरी हे चित्र आपल्या देशातल्या वाचकाला समजावून द्यावे लागत नाही.

ले ग्विन यांनी हे केले कसे तेही पाहण्यासारखे आहे. नायक सावळा आहे अशी घोषणा त्या सुरुवातीला करत नाहीत. हल्लेखोर गोरे आहेत एवढे आधी कळते. गेडचा रंग स्पष्टपणे येतो तो बराच पुढे, विद्यालयात, तोही व्हेचच्या वर्णनाच्या ओघात. तोपर्यंत वाचकाने गेडबरोबर डोंगर चढलेला असतो, त्याच्या गर्वात वाटा घेतलेला असतो. गोऱ्या अमेरिकन मुलाने नायकाला आपल्यासारखाच धरून चाललेले असते आणि मग त्याच्या लक्षात येते की हा मुलगा माझ्या रंगाचा नाही, तरीही मी इतका वेळ तोच होतो. वाचकाच्या मनातली एक सवय या कादंबरीने गुपचूप मोडली. जादूगार म्हणजे पांढऱ्या दाढीचा गोरा म्हातारा, वीर म्हणजे निळ्या डोळ्यांचा गोरा तरुण, आणि काळेपणा म्हणजे दुष्टपणा, ही त्या साहित्यप्रकारातली सवय होती. १९६८ साली, अमेरिकेत नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना, मुलांसाठीच्या जादूच्या पुस्तकात हे करणे ही लहान गोष्ट नव्हती. म्हणून इथे रंग हा कथेचा भार वाहणारा खांब आहे. तो काढला की छप्पर खाली येते.

छप्पर खाली आले ते २००४ साली. अमेरिकेतल्या साय-फाय वाहिनीने पहिल्या दोन कादंबऱ्या एकत्र करून 'अर्थसी' ही दोन भागांची मालिका केली आणि १३ व १४ डिसेंबर २००४ रोजी दाखवली. दिग्दर्शक होते रॉबर्ट लीबरमन. गेडची भूमिका शॉन ॲशमोर या गोऱ्या कॅनेडियन नटाला मिळाली. गेडचा गुरू ओगियन यांच्या भूमिकेत डॅनी ग्लोव्हर हे काळे अभिनेते होते. प्रमुख भूमिकांत सावळेपणा उरला तो जवळजवळ एवढाच. कादंबरीत जिचा गोरा रंग महत्त्वाचा आहे ती कार्गाद देशातली तेनार मात्र क्रिस्टिन क्रूक या अभिनेत्रीने केली, जिची आई चिनी वंशाची आहे. म्हणजे पुस्तकातला सावळा गोरा झाला आणि जी परकी गोरी होती ती मिश्र वंशाची झाली. कादंबरीतली मांडणी एवढ्या अचूकपणे उलटी करायची ठरवली असती तरी ती याहून उलटी झाली नसती.

याचा कथेवर काय परिणाम झाला? गावावर हल्ला होतो तेव्हा हल्ला करणारे आणि मार खाणारे सारखेच दिसतात, फक्त कपडे वेगळे. गोऱ्या लुटारूंची ती आठवण नाहीशी होते. कार्गादच्या एका सत्तालोभी राजाला मुख्य खलनायक करण्यात आले, त्यामुळे स्वतःशी चाललेली लढाई दुसऱ्याशी चाललेली लढाई बनली. एवढेच नव्हे, नायकाची नावेही उलटली. पुस्तकात जे गुप्त नाव आहे ते मालिकेत सर्वांच्या तोंडी आले आणि जे रोजचे नाव होते ते गुप्त ठरले. ज्या कादंबरीचा सगळा डोलारा खऱ्या नावावर उभा आहे तिच्यात हे घडावे, यावरून निर्मात्यांनी पुस्तक किती वाचले असेल याचा अंदाज येतो. चेहऱ्याची चूक आणि नावाची चूक या दोन वेगळ्या चुका नाहीत. दोन्हींच्या मुळाशी न वाचणे आहे.

लेखिका त्या वेळी हयात होत्या आणि गप्प बसल्या नाहीत. मालिका दाखवली जाण्याआधी दिग्दर्शकांनी त्यांच्या हेतूंविषयी परस्पर बोलून टाकले, तेव्हा त्यांनी जाहीर खुलासा केला. डिसेंबर २००४ मध्येच 'स्लेट' या नियतकालिकात त्यांनी सविस्तर लेख लिहिला. करारात सल्लागार म्हणून आपले नाव होते, पण प्रत्यक्षात निर्णयांत आपल्याला विचारले गेले नाही, असे त्यांनी मांडले. जगातली बहुसंख्य माणसे गोरी नाहीत, मग काल्पनिक जगात सगळी गोरी का असावीत, हा त्यांचा साधा सवाल होता. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही आपल्या नायकाला वर्षानुवर्षे गोरा करण्यात आले आणि त्यासाठी आपल्याला प्रकाशकांशी झगडावे लागले, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे पडद्यावरचा अन्याय हा मुखपृष्ठावरच्या अन्यायाचा पुढचा भाग होता.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. नटाचे काम आपण जे नाही ते होणे हेच असते. मग गोऱ्या नटाने गेड केला तर बिघडले काय? त्या तरुण नटावर माझा राग नाही, त्याने मिळालेले काम केले. पण 'कोणीही कोणाचेही काम करावे' हा नियम खरोखर दोन्ही बाजूंनी चालत असता तर हा आक्षेप मी मान्य केला असता. तो तसा चालत नव्हता. सावळ्या नटाला गोऱ्या नायकाच्या भूमिका मिळत नव्हत्या आणि जी एक सावळ्या नायकाची भूमिका साहित्याने लिहून ठेवली होती तीही गेली. दार एकाच बाजूने उघडत असेल तर त्याला मोकळीक म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो आणि तो जास्त अवघड आहे. उर्दू शिकवताना मला दास्तान-ए-अमीर हमजाविषयी बोलावे लागते. अकबर बादशहाच्या कारखान्यात, साधारण १५६२ पासून पुढची पंधरा वर्षे, या दास्तानची सुमारे १४०० चित्रे काढली गेली. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणहून आलेल्या उस्तादांच्या देखरेखीखाली हिंदुस्थानी चित्रकारांनी ती केली. कथेचा नायक अरब. पण चित्रांतली माणसे, पोशाख, इमारती, झाडे पाहावीत तर मुघल दरबार आणि हिंदुस्थानची जमीन दिसते. म्हणजे त्या चित्रकारांनीही हमजाला आपला चेहरा दिला. मग अमेरिकनांनी गेडला आपला चेहरा दिला तर तक्रार कशाची?

माझ्या मते फरक दोन ठिकाणी आहे. हमजाच्या दास्तानमध्ये नायकाचा रंग कथेचा भार वाहत नाही. हमजाची ओळख त्याच्या शौर्यातून, घोड्यातून आणि अमर अय्यारच्या चलाखीतून होते. ती दास्तान अरबस्तानातून इराणात आणि इराणातून हिंदुस्थानात आली ती प्रत्येक मुक्कामावर नवा पोशाख घालतच आली. 'अर्थसी'चे तसे नाही. सगळ्या नायकांना गोरा चेहरा देण्याच्या सवयीला उत्तर म्हणून ती लिहिली गेली आहे. त्या उत्तरालाच पुन्हा गोरा चेहरा देणे म्हणजे उत्तर खोडून प्रश्नच परत लिहिणे. दुसरा फरक असा की अकबराच्या चित्रकारांनी कोणा दुबळ्याची जागा घेतली नव्हती. अमेरिकेत जागा घेतली गेली, आणि ज्यांच्याकडे आधीच जागा कमी होती त्यांची घेतली गेली.

२००६ साली जपानच्या स्टुडिओ घिबलीने याच मालेवर 'गेडो सेन्की' हा ॲनिमेशनपट काढला. दिग्दर्शक गोरो मियाझाकी. इथे नट निवडायचे नव्हते, आकृत्या काढायच्या होत्या, म्हणजे हवा तो रंग भरायला कोणाची आडकाठी नव्हती. तरी बहुतेक पात्रे अमेरिकन डोळ्यांना गोरीच दिसतात, गेड तेवढा किंचित सावळा. ले ग्विन यांनी हा चित्रपट आपल्या पुस्तकापासून दूर गेला असल्याचे सांगितले, तरी त्यातल्या काही दृश्यांचे कौतुकही केले. जपानी प्रेक्षक रंगाच्या या छटा वेगळ्या नजरेने पाहतात असे आपल्याला सांगण्यात आले, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. राग आणि न्यायबुद्धी एकत्र कशी ठेवावी हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. त्यांचे निधन जानेवारी २०१८ मध्ये झाले. त्याच वर्षी चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह सगळी माला एका ग्रंथात निघाली. त्या चित्रांवर व्हेस यांनी लेखिकेशी चर्चा करत काही वर्षे काम केले होते, आणि त्यांत गेड अखेर तांबूस तपकिरी आहे.

आता माप उलट्या बाजूने लावून पाहू, नाहीतर ते माप न राहता सोयीची काठी होईल. रिक रायर्डन यांच्या 'पर्सी जॅक्सन' मालेतली ॲनाबेथ ही ग्रीक देवता अथेनाची मुलगी. पुस्तकात तिचे केस सोनेरी आहेत. २०२३ मध्ये आलेल्या मालिकेसाठी लिआ जेफ्रीज या काळ्या मुलीची निवड झाली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. शाळकरी वयाच्या त्या मुलीला इतके वाईट बोलले गेले की मे २०२२ मध्ये स्वतः रायर्डन यांना तिच्या बाजूने उभे राहून लिहावे लागले. पुस्तकाशी इमान राखा, असे बोलणाऱ्यांचे म्हणणे होते. त्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, ते नाकारू नये. पुस्तकात सोनेरी केसांना एक लहानसे काम आहे. सोनेरी केसांच्या मुली बिनडोक असतात असे तिकडे विनोदाने म्हटले जाते, त्यामुळे लोक आपल्याला कमी लेखतात ही ॲनाबेथची बोच आहे. पण ते काम 'लोक हिला कमी लेखतात' एवढेच आहे. काळ्या मुलीला अमेरिकेतल्या शाळेत कोणी कमी लेखत नाही, असे कोण म्हणेल? रंग बदलला, पण वर्णनाचे काम चालू राहिले. गेडच्या बाबतीत रंग बदलला आणि काम थांबले.

याच मालेवर २०१० साली निघालेल्या चित्रपटात पर्सीचे केस आणि डोळे यांपेक्षा वेगळीच गोष्ट बिघडली होती. पुस्तकात पर्सी बारा वर्षांचा आहे. सोळावे वर्ष लागताना त्याच्या हातून काय होणार याची भविष्यवाणी पाच पुस्तकांचा ताण सांभाळते. चित्रपटात त्याला सुरुवातीलाच थोराड केला आणि तो ताण पहिल्या घासाला संपला. वय वाढवू नका असे रायर्डन यांनी निर्मात्यांना आधीच बजावले होते. नव्या मालिकेत पर्सी झालेल्या वॉकर स्कोबेलचे केस पुस्तकासारखे काळे नाहीत, पण वय बरोबर आहे, आणि मुले त्याला पर्सी म्हणून स्वीकारतात. त्याचा मित्र ग्रोव्हर हा भारतीय वंशाच्या आर्यन सिम्हाद्री या मुलाने केला आहे. कोणता तपशील वजनदार आणि कोणता हलका, हे पुस्तक वाचल्याशिवाय कळत नाही, असा याचा अर्थ.

'हॅरी पॉटर'चे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. प्राध्यापक स्नेपचे वय पहिल्या पुस्तकात अवघे ३१ आहे. २००१ च्या चित्रपटात ते काम करणारे ॲलन रिकमन ५५ वर्षांचे होते. चोवीस वर्षांचा हा फरक जगभरच्या वाचकांनी हसतमुखाने गिळला. २०२५ मध्ये नव्या मालिकेसाठी पापा एसिएदू या काळ्या ब्रिटिश नटाचे नाव जाहीर झाले आणि त्याच वाचकांपैकी अनेकांना पुस्तकातली वाक्ये आठवू लागली. यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. नुसत्या रंगावरून शिवीगाळ करणाऱ्यांचे पुस्तकप्रेम खोटे आहे. पण एक गंभीर प्रश्न काही वाचकांनी विचारला तो टाळता येणार नाही. तरुणपणी हॅरीचा बाप आणि त्याचे मित्र स्नेपला सर्वांसमोर उलटे टांगून त्याची थट्टा करतात. टांगणारे गोरे आणि टांगलेला काळा असेल तर त्या दृश्याचा अर्थ शाळेतल्या दांडगाईपुरता राहणार नाही, आणि हॅरीच्या बापाला माफ करणे कथेला फार जड जाईल. मालिका हे कसे हाताळते त्यावर तिचे यश ठरेल. निवड करताना एक चेहरा पाहून भागत नाही. त्या चेहऱ्याचे इतर चेहऱ्यांशी काय नाते आहे, तेही पाहावे लागते.

याच मालेत आपल्या ओळखीची एक खूण आहे. पार्वती आणि पद्मा या जुळ्या बहिणींचे आडनाव पाटील आहे. हॉगवर्ट्समध्ये पाटील! २००५ च्या 'गॉब्लेट ऑफ फायर' चित्रपटात पद्मा झाली अफशान आझाद आणि पार्वती झाली शेफाली चौधरी. दोघी ब्रिटनमध्ये वाढलेल्या, बंगाली वंशाच्या मुली. मराठी आडनाव, बंगाली चेहरे, त्यांतले एक नाव मुस्लिम. आपल्याकडे कोणी भुवई उंचावली नाही, आणि मलाही त्यात गैर वाटत नाही. एका अफशानने पद्मा पाटील व्हावे यात आपल्या देशातल्या भांडखोरांना उत्तरच आहे. पण निर्मात्यांनी ते काही उदार विचाराने केले असेल असे समजू नये. पुस्तकात या बहिणी वेगवेगळ्या निवासांत आहेत, पद्मा रेव्हनक्लॉमध्ये. चित्रपटात दोघींना एकाच निवासात टाकून दिले आहे. नृत्यसमारंभाला दोन मुलांबरोबर जाऊन कंटाळून बसणे एवढेच त्यांचे काम. ज्या पात्राला कामच दिलेले नाही तिथे कोणताही सावळा चेहरा चालतो. मोकळीक आणि बेफिकिरी बाहेरून सारख्या दिसतात, म्हणून हा भेद सांगावा लागतो.

आपल्या वाचकांना आणखी एका ठिकाणी थांबून विचार करावा लागेल. अद्भुतरम्य साहित्यात आपल्यासारखी माणसे अगदीच नसतात असे नाही. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालेतल्या 'द हॉर्स अँड हिज बॉय' या १९५४ च्या कादंबरीत कॅलोर्मेन नावाचा देश आहे. तिथे फेटे, वाकड्या तलवारी, चंद्रकोर नावाची नाणी आणि सावळे चेहरे आहेत, आणि तो देश क्रूर व गुलामगिरीचा आहे. २००५ ते २०१० या काळात नार्नियावर तीन चित्रपट निघाले, त्यांत ही कादंबरी नव्हती. उद्या कोणी ती घेतली तर पात्रनिवड कशी करायची? कॅलोर्मेनसाठी अरब किंवा भारतीय उपखंडातले नट घेतले तर जुनी निंदा नव्याने पक्की होते. गोरे घेतले तर पुस्तकातला पूर्वग्रह लपवून त्याला साळसूद केले जाते. माझ्या मते वाट पुस्तकातच आहे. या कथेची नायिका अराविस ही कॅलोर्मेनचीच मानी आणि शूर मुलगी आहे. मालेच्या शेवटच्या पुस्तकात एमेथ नावाचा सच्चा कॅलोर्मेन सैनिक येतो आणि त्याची सचोटी मान्य होते. या दोघांना पूर्ण वजन दिले, तर सावळे नट घेऊनही न्याय करता येईल. यावरून एक कळते की निवड योग्य झाली तरी पटकथा अयोग्य असेल तर चेहरा निष्फळ ठरतो.

फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' ही १९६५ ची कादंबरी विज्ञानकथा म्हणून ओळखली जाते, तरी तिचा उल्लेख टाळता येत नाही. वाळवंटातले फ्रेमेन लोक, महदी, लिसान अल-गैब, शाई-हुलूद अशी नावे. वाचताना अरबी शब्दकोश उशाशी घेऊन बसावे असे वाटते. २०२१ च्या चित्रपटाचे चित्रीकरण जॉर्डनमधील वादी रम आणि अबू धाबीच्या वाळवंटात झाले. पण फ्रेमेन लोकांच्या प्रमुख भूमिकांत अरब नट नव्हते, आणि कादंबरीत ठायी ठायी येणारा 'जिहाद' हा शब्द टाळून 'पवित्र युद्ध' अशा अर्थाचे शब्द आले. वाळू घेतली, भाषा घेतली, माणसे मात्र वगळली. गेडच्या बाबतीत चेहरा पुसला गेला होता. इथे चेहऱ्यामागची ओळख पुसली गेली. दोन्ही ठिकाणी पुसणाऱ्याला त्यात काही विशेष वाटले नाही, ही खरी चिंतेची बाब आहे.

हे सगळे दूरच्या देशातले आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. मी सातवीच्या वर्गाला गेडची गोष्ट उर्दूत सांगितली होती. गेडचा रंग तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा आहे असे स्पष्ट सांगितले होते. मग चित्र काढायला लावले. ३६ मुलांपैकी २९ जणांनी गेडचा चेहरा रंगपेटीतल्या त्या फिकट गुलाबी खडूने रंगवला, ज्याला सगळी मुले 'स्किन कलर' म्हणतात. त्या वर्गात एकाही मुलाची कातडी त्या रंगाची नाही. एकाला विचारले तर तो म्हणाला, "जादूगर गोराच रहता ना, टीचर." त्याला कोणी हे शिकवलेले नाही. त्याने ते पाहिलेले आहे, पडद्यावर, जाहिरातीत, मुखपृष्ठावर, हजार वेळा. कानांनी ऐकलेल्या एका वाक्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेली हजार चित्रे त्याच्या मनात भारी ठरली. ले ग्विन यांनी जी सवय मोडायला कादंबरी लिहिली, ती सवय आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गात बसली आहे. ज्या मुलाला अद्भुताच्या जगातही स्वतःला जागा नाही असे वाटते, तो वास्तवाच्या जगात जागा मागायला कचरतो. पात्रनिवडीचा वाद माझ्या दृष्टीने म्हणूनच करमणुकीचा विषय राहत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या कादंबरीच्या पडद्यावरच्या चेहऱ्यांवरून वाद होईल तेव्हा आपण तीन प्रश्न विचारावेत. हा तपशील पुस्तकात कोणते काम करतो? बदलल्यावर ते काम चालू राहते की थांबते? आणि या बदलात कोणाची जागा गेली, कोणाला मिळाली? या तीन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे दिली तर ॲनाबेथला विरोध करणाऱ्यांचा आणि गेडला गोरा करणाऱ्यांचा दोष एकच असल्याचे दिसेल. दोघांनीही पुस्तकापेक्षा स्वतःच्या डोळ्यांच्या सवयीवर जास्त विश्वास ठेवला.

शिक्षक आणि पालक म्हणून आपल्या हातात निर्मात्यांची पात्रनिवड नाही. वाचन मात्र आहे. मुलांनी चित्रपट जरूर पाहावा, पण शक्य तिथे पुस्तक आधी व्हावे. इंग्रजी जड जात असेल तर मोठ्यांनी वाचून उर्दूत किंवा मराठीत सांगावे. पुस्तकावर कागदाचे वेष्टन घालावे म्हणजे मुखपृष्ठावरचा तयार चेहरा झाकला जाईल. गोष्ट संपल्यावर मुलांकडून पात्रांची चित्रे काढून घ्यावीत आणि मगच वेष्टन उतरवावे. रंगपेटीतला तो एक खडू त्या तासापुरता बाजूला ठेवला तर अधिक बरे.